आईच्या वाटणीची बैठक

आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर एक देव आहे. पिंपळाखाली चौथरा, चौथऱ्यावर स्टीलची जाळी, जाळीच्या आत शेंदूर फासलेला लांबट गोल दगड. बिल्डिंगच्या खोदकामात सापडला म्हणून लोक त्याला स्वयंभू म्हणतात. परीक्षेला जाणारी पोरं त्याच्यापुढं नारळ फोडतात. नवी गाडी आली की तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ते त्याच्याच समोर. मी एकदा पायात चपला ठेवून तिथं उभा होतो, तर आमचे चेअरमनसाहेब म्हणाले, "आजोबा, देव आहे तो. आपल्याकडे देवापुढे चपला काढतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे?"

तो देव म्हणजे माझ्या आईचा वरवंटा आहे. त्यानं वाटलेली मिरची मी खाल्लेली आहे. त्याच्यापुढं मी चपला काढायच्या का घालायच्या, ते मला चेअरमननी शिकवायचं कारण नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं शाळा एका जागी राहिली आणि आम्ही राहिलो नाही. दिवाळी झाली की आमचा वाडा निघायचा. पुण्यात वाडा म्हटलं की लोकांना चौक आणि जिना आठवतो. आमचा वाडा म्हणजे चार-पाच बिऱ्हाडं, घोड्यांवर लादलेला संसार, घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या कोंबड्या, कुत्री आणि मेंढरं. सासवडकडून बोपदेवचा घाट उतरायचा, कात्रजच्या अंगानं मुळशी गाठायची, तिथनं खाली कोकण. ज्येष्ठात त्याच वाटेनं माघारी.

वाटेवरचे शेतकरी आमची वाट बघत. मेंढरं रानात बसवली की लेंडी आणि मूत पडायचं, पुढच्या साली पीक कंबरेला लागायचं. बदल्यात ते धान्य द्यायचे. याला आम्ही बैठक म्हणतो. आम्ही मागत फिरत होतो असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडतो. आमच्या मेंढरांच्या बुडात लोकांची ज्वारी होती. सौदा बाप करत नसे. बाप मेंढरांशी बोलायचा, माणसांशी बोलायची ती आई. शेतकरी एका बैठकीला एकच पायली धान्य म्हणाला की ती घोड्याचा लगाम हातात घ्यायची आणि चालू लागायची. बांधापर्यंत जायची, मागं वळून बघायची नाही. बहुतेक वेळा बांध यायच्या आत हाक यायचीच.

ती गेली तीही वाटेवरच. इथंच. माझं लगीन नुकतं झालेलं. तेव्हा इथं ज्वारीची रानं होती आणि बाभळी. तिला ताप भरलेला. बापानं एका काळ्या मेंढीची लोकर उपटली, तिला पीळ दिला आणि आईच्या मनगटाला बांधली. आमच्यात तापाला तसा दोरा बांधतात. मी मेंढरं घेऊन डोंगराच्या अंगाला गेलो. दुपारी बाभळीखाली पडल्या पडल्या ती बायकांना विचारत राहिली, "मेंढरं आली का?" बायका म्हणाल्या, येतील. ती पुन्हा विचारायची. आम्ही उतरलो तेव्हा दिवस बुडत होता आणि तिच्या तोंडावर घोंगडी ओढलेली होती.

वाटेवर गेलेल्या माणसाला गावी नेता येत नाही. तिला तिथंच माती दिली आणि बापानं सगळं खांड, म्हणजे सगळा कळप, त्या मातीवर बसवला. खुरांनी माती दाबून बसते, कोल्हं उकरत नाही, हे एक. दुसरं, जिनं जन्मभर लोकांच्या रानात मेंढरं बसवून आमची पोटं भरली, तिच्या रानात एक बैठक फुकट. तिचा तो वाटा. उशाला खूण म्हणून तिचाच वरवंटा उभा पुरला. रानाचा मालक भला माणूस होता. तो कोपरा त्यानं कधी नांगरला नाही. पुढं दर साली जाताना एक बैठक आणि येताना एक बैठक, आईच्या वाटणीची. बाप होता तोवर कधी चुकली नाही. बाप गेल्यावर मीही चुकवली नाही.

आमच्यात एक धरून चालतात, दगड तिथं माणूस. वाटेवरचा असला दगड कुणी हलवत नाही. तो हलू शकतो हेच आमच्या मनात येत नाही.

मग मालकाच्या पोरांनी रान बिल्डरला दिलं. पत्रे लागले. वाट बुजली. माझा गुडघा घाटात मोडला आणि मेंढरं धाकट्या भावाकडं गेली. तो मेंढरं टेम्पोत भरून शहर ओलांडायला लागला, सगळेच तसं करतात. माझा पोरगा कारखान्यात लेथवर आहे. त्याला घर घ्यायचं होतं तेव्हा मी याच बिल्डिंगीवर अडून बसलो. पोरगा म्हणाला, "आबा, इथं पाण्याला टँकर, वर हायवेचा धूर. दुसरीकडं बरं मिळतंय."

"इथंच," मी म्हणालो.

"कारण तरी सांगा."

"मी म्हणतोय हे कारण पुरं नाही का?"

त्यानं घेतलं. कारण अजून त्याला सांगितलेलं नाही. गेटबाहेर वरवंटा बघितला आणि मला वाटलं, आई सापडली. रोज संध्याकाळी मी त्याच्यापाशी बसत होतो. तिथं मला कधी काही जाणवलं नाही. जाणवायला पाहिजे असंही वाटलं नाही. आई जिवंतपणीही फार बोलणारी नव्हती, घरच्यांशी तरी.

यंदा आश्विनात नवा वॉचमन आला. यवतमाळकडचा, तरणा, हसरा. आठ-दहा दिवसांनी त्यानं मला विचारलं, "बाबाजी, तुमच्या घरची बुढी आजी ठीक हाये ना?"

"आमच्या घरी म्हातारी नाही. माझी बायको जाऊन वर्षं झाली."

"तं मंग ते कोन हाये? रोज भर दुपारी येते न. मले विचारते, मेंढरं आली का."

मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. आमची जात कळली की लोकांना मेंढरांचे विनोद सुचतात. मी म्हणालो, "तू काय सांगितलंस?"

"म्या म्हनलं, नाही आली, आजी. इथं कायचे मेंढरं, इथं गाड्या येतात. तं ते हासत नाही, काही नाही. चालली जाते खाली."

"लुगडं कसलं?"

"हिरवं. मयकं, धुतलं नसल्यासारखं." मग तो स्वतःच्या मनगटाला हात लावून म्हणाला, "आन् हाताले इथं काळा दोरा बांधेल हाये. सुती नाही, जाड. लोकरीचा वाटते."

त्या दोऱ्याचं मी पोराला सांगितलेलं नाही, सुनेला नाही. तो बांधताना बघितलेली माणसं एकेक करून सगळी गेली. राहिलो मी आणि भाऊ.

मी रोज दुपारी गेटवर खुर्ची टाकून बसायला लागलो. मी बसलो की ती येत नसे. जेवायला वर गेलो, पाणी प्यायला उठलो, की वॉचमन सांगायचा, "आत्ताच आली होती, बाबाजी." मला राग आला. यवतमाळच्या परक्या पोराला दिसते आणि पोटच्या पोराला नाही. पण मग माझ्या ध्यानात आलं, तिला माझ्याशी काम नव्हतं. तिला मेंढरं पाहिजे होती. किती सालं झाली, तिच्या मातीवर एक खूर पडलं नव्हतं.

मी भावाला फोन केला. तर माझ्या आधी तोच बोलला, "दादा, यंदाचं जाणं शेवटचं. ज्येष्ठात माघारी आलो की खांड देऊन टाकतो. व्यापारी बघून ठेवलाय. पोरं कुणी मागं यायला तयार न्हाईत."

"दे. तुझी हायत. पण जाताना चालत आण. माझ्या दारावरनं."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? कात्रजच्या चौकातनं मेंढरं? तिथं माणूस रस्ता वलांडत न्हाई."

"माणूस थांबतो म्हणून वलांडत न्हाई. मेंढरू थांबत न्हाई."

"टेम्पो सांगून ठेवलाय, दादा."

"आईची बैठक ऱ्हायलीय."

त्याच्या मागं कुत्रं भुंकत होतं तेवढं ऐकू आलं. मग म्हणाला, "तिथं आता बिल्डिंग हाय."

"बिल्डिंग वर हाय. आई खाली हाय."

वॉचमनचं मी त्याला सांगितलं नाही. आईचा वाटा द्यायला भुताची भीती घालावी लागली, असं मला नको होतं. ही शेवटची जाणारी मेंढरं. खांड फुटलं, एकेक मेंढरू एकेका दावणीला गेलं, की त्या बाईनं कुणाची वाट बघायची? मी त्याला एवढंच म्हणालो, टेम्पोत आणलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. तो मला ओळखतो.

चेअरमनसाहेबांना मी सांगून ठेवलं. विचारलं नाही, सांगितलं. "माझ्या भावाची मेंढरं येणार आहेत. देवापुढं दुपारभर बसतील."

"बसतील म्हणजे? अहो आजोबा, आपल्याकडे अजून कुत्र्याला लिफ्टमधून न्यायची परवानगी नाही."

"गेटबाहेर बसतील."

"गेटबाहेर कॉर्पोरेशनचं आहे. तिथे हत्ती बसवा. आत मात्र एक खूर नको."

मार्गशीर्षात मेंढरं आली. आधी आवाज आला, आणि तो आवाज मी हायवेच्या गोंगाटातही ओळखला असता. मग धूळ, मग हॉर्न. गाडीतनं खाली उतरून पोरी फोटो काढत होत्या. एक मोटारवाला भावाला म्हणाला, "काय हो, हा रस्ता आहे की कुरण?" भाऊ म्हणाला, "कुरणच हाय सायेब, तुमी आत गाडी घातली." सगळ्यांच्या पुढं गळ्यात घंटी असलेली मेंढी, तिच्यामागं खांड, मागं दोन कुत्री. एकही मेंढरू हरवलं नव्हतं. भावाचा सदरा मात्र थंडीतही घामानं भिजला होता.

त्यानं वरवंट्यावर भंडारा उधळला, पाया पडला, आणि खांड बसवायची हाळी घातली. ती हाळी आमच्या बापाची. ती ऐकली की आमची मेंढरं आहे तिथं गुडघे टेकतात.

टेकले नाहीत.

घंटीची मेंढी चौथऱ्यापाशी गेली, जाळीला नाक लावलं, आणि तिनं वरवंट्याकडं पाठ केली. तिच्यामागं सगळ्या खांडानं पाठ केली. सगळी तोंडं गेटच्या आत, एकाच बाजूला. आणि ओरडणं थांबलं. मेंढरांत राहिलेल्या माणसाला विचारा, मेंढरं गप्प कधी नसतात. बसली तरी खोकतात, रवंथ करतात, कोकरू आईला हाक मारतं. त्या दुपारी एवढ्या तोंडांतनं एक आवाज निघाला नाही. कुत्री पोट जमिनीला लावून बसली. भावानं पुन्हा हाळी घातली. एक कान हलला नाही.

या खांडातली एकही मेंढी पूर्वी इथं आलेली नव्हती. मेंढरू जगतं किती? ज्यांनी ही जागा बघितली होती त्यांच्या नाती-पणतीही मरून गेल्या.

"दादा, ही कुणाकडं बघत्यात?" भाऊ हळू म्हणाला.

वॉचमननं गेटाचा दांडा धरला होता. त्याचं हसू गेलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कुणी न सांगता गेट उघडलं.

मेंढी आत गेली. खेळाच्या जागेकडं नाही, हिरवळीकडं नाही. सरळ उतारानं खाली, गाड्या ठेवायच्या तळघरात. तिच्यामागं सगळी. सिमेंटवर खुरं वाजत होती, कुणी धान्य ओतत असल्यासारखी.

"अहो! अहो, ते खाली चाललेत!" चेअरमनसाहेब चहाचा कप हातात घेऊन पळत आले. "आजोबा, हे पार्किंग आहे, कोंडवाडा नाही!"

मी काठी टेकत उतरत होतो. गुडघा दुखत होता. मला तेव्हा वॉचमन काय म्हणाला होता ते आठवलं. 'चालली जाते खाली.' मी ते ऐकून सोडून दिलं होतं. दगड तिथं माणूस. पण जेसीबीला आमची रीत कुठं माहीत? त्यानं दगड उचलला, गेटबाहेर ठेवला, आणि मी इतकी सालं रिकाम्या जागेपाशी बसून उठत होतो.

तळघरात पाण्याच्या टाकीशेजारी एक पट्टा आहे, तिथं कुणी गाडी लावत नाही. तिथली ओल जात नाही. उन्हाळ्यातही नाही. आणि तिथं ओल्या लोकरीसारखा वास येतो. सून म्हणायची, गटाराचा असेल. मेंढरं त्या पट्ट्याभोवती बसली. दाटीनं, गाड्यांच्या मधल्या फटीत, चाकांना टेकून, एकमेकींच्या पाठीवर माना टाकून. पट्ट्यावर मात्र एकही नाही. दाटीनं बसलेलं मेंढरू मधे जागा सोडत नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. इथं त्यांनी जागा सोडली होती. एक माणूस आडवं झालं तर मावेल, तेवढी लांब. खांद्यांएवढी रुंद.

चेअरमनसाहेब माझ्या शेजारी येऊन थांबले. बोलायला आलेले, पण बोलले ते वेगळंच आणि हळू. "तिथलीच ओल... दोनदा वॉटरप्रूफिंग केलं. कंत्राटदार म्हणतो, पाणी कुठून येतं तेच कळत नाही."

मी चपला काढल्या. सिमेंट बर्फासारखं होतं. चेअरमननी माझ्या पायांकडं बघितलं. स्वतःचे बूट काढले नाहीत, पण दोन पावलं मागं सरले.

मी म्हणालो, "आई, मेंढरं आली."

मोठ्यानं नाही म्हणालो. पण सगळ्या खांडानं एका वेळी कान फिरवले. माझ्याकडं नाही. त्या रिकाम्या जागेकडं.

मग एक कोकरू ओरडलं, त्याला त्याच्या आईनं उत्तर दिलं, आणि नेहमीचा गलका सुरू झाला. खोकणं, रवंथ, लेंड्या पडण्याचा आवाज. मला रडू आलं असं कुणाला वाटेल. नाही आलं. मी भिंतीला टेकून बसलो आणि त्या आवाजात थोडा डुलकलो. इतक्या सालांत अशी झोप लागली नव्हती.

उन्हं कलली तसं भावानं खांड उठवलं. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, मोजली की घटतात म्हणतात. अरुंद जागेतनं एकेक सोडायची आणि तोंड बघून ओळखायची. भाऊ उताराच्या वरच्या टोकाला उभा राहिला. एकेक तोंड बघत होता, पुटपुटत होता. शेवटाला त्याची मान थांबली. तो खाली अंधारात बघत राहिला, मग एक पाऊल बाजूला झाला, कुणाला वाट द्यावी तसा. मी मागं होतो. मला काही दिसलं नाही. तो पाया पडला आणि गेला.

"लेंड्यांचं काय?" चेअरमनसाहेबांचा आवाज परत आला होता.

"उद्याचा दिवस उगवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"बरं. मग बागेत टाकू. खत आपण आणतोच विकत." थोडं थांबून म्हणाले, "हे मिनिट्समध्ये कसं लिहायचं, तेवढं सुचवा."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. पट्टा कोरडा होता. अजून कोरडाच आहे. चेअरमन लोकांना सांगतात, वॉटरप्रूफिंगला उशिरा गुण आला. मधोमध लोकरीचा एक झुबका पडला होता, काळा. भावाच्या खांडात सगळी पांढरी नि तांबूस. मी तो उचलून खिशात ठेवला.

म्हातारी यायची थांबली. वॉचमनला मी रोज विचारायचो. "नाही येत, बाबाजी. मेंढरं आले तवापासून नाही."

पौषात मुळशीवरून भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दादा, खांडात एक म्हातारी मेंढी वाढलीय. काळी."

"कुणाची?"

"ठाव न्हाई. चरत न्हाई. पाणी पीत न्हाई. कुत्री तिच्या जवळ जात न्हाईत. सगळ्यांच्या मागनं चालती. मी थांबलो की थांबती."

मी खिशावर हात ठेवला. म्हणालो, "मग आता?"

"आता काय? तुला रीत म्हाईत हाय." ती मला माहीत होती. परकं मेंढरू खांडात शिरलं, तर त्याचा धनी येईपर्यंत सांभाळायचं. तोवर खांडातलं एकही विकायचं नाही. असं मेंढरू धरून ज्यांनी खांड विकलं, त्यांच्या घरात काय झालं ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे, मी लिहीत नाही. भाऊ म्हणाला, "व्यापाऱ्याला नको म्हणून सांगितलं. ज्येष्ठात चालतच आणतो. तूच तिचं तोंड बघ आणि सांग, धनी कोण ते."

आईनं जन्मभर सौदे केले. हाही तिनंच केला. बांधापर्यंत गेली आणि हाक यायची वाट बघितली.

आता फाल्गुन लागलाय. दोन-चार दिवस मला कणकण आहे. सून गोळ्या देते, मी घेतो, वाद घालत नाही. तो काळा झुबका होता, त्याला पीळ दिला आणि मनगटाला बांधला. एका हातानं गाठ बसत नव्हती, दातांनी ओढली.

काल दुपारी पडून पडून कंटाळलो आणि लिफ्टनं खाली आलो. रस्ता तापलेला, रिकामा. वॉचमन खाली मान घालून डबा खात होता. मी त्याच्या खुर्चीमागनं विचारलं, "मेंढरं आली का?"

"नाही आली, आजी," तो म्हणाला, मान वर न करता.

मग त्यानं वर बघितलं. घास तसाच हातात राहिला. माझ्या तोंडाकडं, मग मनगटाकडं.

मी त्याला म्हणालो, जेव. घाई नाही. ज्येष्ठ अजून लांब आहे, आणि मी इथंच आहे.